गळ्यातली सवत

ती घटना आठवली की आजही माझा हात आपसूक गळ्याशी जातो.

दहिसर भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका दुपारी पस्तिशीतली एक बाई आली. तिने घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. ती लहानपणापासून मुलुंडला मामाकडे वाढलेली. ‘तुझी आई कुणाचा तरी हात धरून गेली,’ एवढंच तिला सांगितलेलं, त्यामुळे वंशावळीत आईचं नाव घालायला मामाही तयार नव्हता. तिने हट्टाने जुन्या विवाह नोंदींत आईबापाचं लग्न शोधलं. तिथे बापाच्या नावावर आणखी एक लग्न निघालं, वधू निराळी. त्या पत्त्यावर, नदीकाठच्या बैठ्या चाळीत, ती जाऊन आली होती.

“बाबा घरी नव्हते. त्यांच्या दुसऱ्या बायकोने दार उघडलं. म्हणाली, ‘ये गो, आवशीक भेट.’ आणि ही तुझी आई म्हणून गळ्यातला टाक पुढे धरला. म्हणे, ‘तुझी आवस सारखी भिजलेली असता.’ साहेब, मला वेडी म्हणा, पण एकदा बघा ना.”

ठाणे अंमलदार गालातल्या गालात हसला. मला हसू आलं नाही. माझी थोरली काकू दुसरेपणावर दिलेली. तिच्या गळ्यात काकांच्या पहिल्या बायकोच्या नावाने घडवलेला चांदीच्या पत्र्याचा टाक असे, त्याला आम्ही सवतच म्हणायचो. नवं लुगडं आधी सवतीला दाखवायचं, मग नेसायचं. पण हा टाक मेलेल्या बायकोचा घालतात. पळून गेलेलीचा कोण घालतो?

तिची आई हरवल्याची जुनी तक्रार काढली. ती नवऱ्यानेच दिलेली होती. मग मी चाळीत जाऊन दुसऱ्या बायकोला विचारलं.

“लग्नात ह्येंनीच घातलो,” ती म्हणाली. “म्हणाले, पयली गेली.”

गेली म्हणजे वारली, असं ती समजली. सासुरवाडीला आणि पोलिसांनाही त्याने ‘गेली’ एवढंच सांगितलं होतं. तिथे सगळ्यांनी पळून गेली असं धरलं. एका शब्दावर त्या माणसाने दोन संसार निभावले.

त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला. म्हाताऱ्या माणसावर आवाज चढवून काही हाती लागत नाही. घरच्यासारखं विचारावं लागतं.

“काका, टाक कुणी करवला?”

“मीच. रीत आहे ती.”

“बायको तर पळाली होती ना?”

“हो.”

“मग टाक कुणाचा?”

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “सवत घातली नाही तर पहिली दुसरीला जगू देत नाही, साहेब.”

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. भांडणात ढकललं, डोकं आपटलं. त्याच घरातली मोरी खणून तिला पुरलं आणि वर नवी लादी बसवली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमक्ष मोरी उखडली. ओल्या मातीत हाडं होती आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. इतकी वर्षं घराचं आंघोळीचं पाणी तिच्यावर झिरपत होतं. ती भिजलेली असते हे दुसरीला कसं कळलं, ते मी तिला परोपरीने विचारलं. मोरीखाली काय आहे ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. ते कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर भीती वाटते.

माणूस पोलिसांशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, पण रीतीशी खोटं बोलायची त्याची छाती होत नाही. त्यानंतर मी प्रत्येक तपासात घरच्या रीतीभाती आधी विचारू लागलो.

तपासणीत हाडं आईचीच ठरली. मुलीने वंशावळीत नाव लिहिलं आणि ती चाळीत दाखवायला नेली. मीही सोबत होतो. दुसरीने टाक काढून तिच्या तळहातावर ठेवला.

“घे गो. आता सुकली ती.”

आम्ही निघालो तेव्हा ती उंबऱ्यात मोकळा गळा चाचपत उभी होती.

“साहेबानू,” ती म्हणाली, “इतकी वर्सां घरात आमी दोघी होतंव. आता माका भ्या वाटता.”