काळी नाचणी गेली

"खाली बस गे. गावड्यांक काय समजता? ह्यो कोंबड्यांचो चारो!"

भर ग्रामसभेत पंच मला असं बोलला. आमच्या भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुलगा तो. डोंगरावर आम्ही आजही पेरतो हे दाखवायला मी वरीची कणसं नेली होती. त्याने ती हातातून ओढून घेतली आणि दाराबाहेर भिरकावली. सगळे हसले. माझा धाकटा दीरही हसला.

ते हसू मला जास्त लागलं.

गोव्यात पेडण्यातला आमचा वाडा गावडा जमातीचा. डोंगर सगळ्यांनी मिळून साफ करायचा, मिळून पेरायचा. रानडुकरांपासून राखणही मिळून. सगळं बी एका घरात नसायचं. वरी आमच्याकडे, काळी नाचणी दिराकडे. पेरणीआधी अदलाबदल. बाळंतिणीला त्याच काळ्या नाचणीची आंबील.

मग निवडणूक आली. डोंगराचे प्लॉट पाडायचे म्हणणारे एका बाजूला, नको म्हणणारे दुसऱ्या. मुलाला सरकारी नोकरी लावतो म्हणून पंचाने दिराला आपल्याकडे ओढलं. दिराने डोंगर सोडला. एका वाड्यात दोन पक्ष झाले. चुलीसुद्धा बोलेनाशा झाल्या.

मी जावेकडे नाचणीचं बी मागायला गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"वयनी, तुका बी दिलंय तर हे माका घरात घेवचे नाय."

ती रडत होती. मी परत फिरले. तिच्या मडक्यातलं बी पेरलंच गेलं नाही. पुढच्या पावसात त्याला कीड लागली. आता काळी नाचणी वाड्यात कुणाकडेच नाही. आजूबाजूच्या गावांतही विचारलं. नाही.

आणि त्या दिवशी ग्रामसभेत हा पंच माझ्या वरीला चारा म्हणत होता.

मी बसले नाही. म्हटलं, "मी काय मागूक नाय इलंय. यंदा पेरतलंय, ता सांगूक इलंय."

कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या बाजूचेही मान खाली घालून होते. दिराच्या मुलाला नोकरी अजून लागलेली नाही. डोंगरावर प्लॉटचे दगड मात्र रोवले गेलेत. नवरा म्हणतो, "सोड आता."

त्याचं खोटं नाही. पीक हाती लागेल असं मलाही वाटत नाही. प्लॉटवाले माणसं घालून उपटतील.

उपटू देत. दगडांच्या मधे मी वरी पेरणार. एकटी. कुणालाही न विचारता.