बाबा झोपलेत

भट्टीवाल्याची सुट्टी मंजूर झाली तेव्हा बेकरीतले सगळे हसले. हा माणूस उन्हात जाऊन करणार काय? रात्रभर भट्टीसमोर उभं राहून पाव काढायचे, लोक उठायच्या वेळेला घरी यायचं आणि जाड पडदे ओढून संध्याकाळपर्यंत आडवं व्हायचं, असा त्याचा जन्म चाललेला.

घरात त्याच्या बायकोनं एकच कायदा केला होता: बाबा झोपलेत. दार आपटायचं नाही, भांडी हलक्या हातानं ठेवायची, हसू आलंच तर उशीत तोंड खुपसायचं. पाच वर्षांची लेक त्यात इतकी तयार झाली की मांजरीनं तिच्याकडे शिकवणी लावावी. बाप तिला कौतुकानं मुंगी म्हणायचा. पण एकदा शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी मला बोलूच देत नाही हो, काय तो आवाज!" आणि त्याचं कौतुक पार आटलं. बाईंपुढे पोपट आणि बापापुढे मुंगी? ही पोर आपल्यासमोर कधी खळखळून हसलेली त्याला आठवेना. हे त्याला फार लागलं. या सुट्टीत लेकीचा आवाज ऐकायचाच, असं ठरवून तो दोघींना घेऊन समुद्राकाठच्या एका थीम पार्कात येऊन दाखल झाला.

ठरवायला काय जातं! रांगेत उभं राहून नंबर लागायची वेळ आली की मुंगी आईच्या कानात कुजबुजायची, आणि आई म्हणायची, "अहो, हिला शू लागलीये." पुन्हा रांगेच्या शेपटाला. आइस्क्रीम घेतलं तर त्यातलं निम्मं त्याच्या शर्टावर. कापसाचं पोट असलेलं एक भलंमोठं अस्वल हात मिळवायला आलं, तर ती बापाच्या पायांमागे लपली. सगळ्यांची पोरं बोंबलत होती, नाचत होती, आयांचे पदर ओढत होती. त्याला त्या आयाबापांचा हेवा वाटला. ते मात्र डोक्याला हात लावून बसले होते.

शेवटी एकदाची रोलर कोस्टरची वळणावळणाची गाडी मिळाली. गाडी उतारावरून सुटली तशी सगळ्यांनी किंकाळी फोडली. सगळ्यात मोठी भट्टीवाल्याची. त्यानं डोळे किलकिले करून बघितलं, तर लेकीनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलेलं.

"घाबरलीस का गं?" उतरल्यावर त्यानं विचारलं.

"खूप," ती कुजबुजली.

"मजा आली?"

"खूप. परत बसू या?"

"अगं मग ओरडायचं ना, माझे आई! सगळे ओरडतात! त्यासाठीच असतं ते!"

ती आईकडे बघत राहिली. परत बसले. परत तोंडावर हात. तिसऱ्या फेरीनंतर भट्टीवाल्याच्या पोटातलं सगळं वर आलं आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. मुंगी त्याच्या पाठीवरून हळूच हात फिरवत होती. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, असं त्याचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी समुद्र. सवयीप्रमाणे तो रात्रभर हॉटेलच्या खोलीत टक्क जागा होता, त्यामुळे ऊन चढलं तसे त्याचे डोळे मिटायला लागले. बायको खायला आणायला निघाली.

"लक्ष ठेवा हं हिच्याकडे."

"मी काय झोपतोय का?"

आणि झोपला. वाळूत बूड टेकलं नि दुसऱ्या क्षणाला घोरायला लागला.

कानाशी गार, ओला श्वास लागला तेव्हा त्याला जाग आली. मुंगी गुडघे टेकून बसली होती. केसांतून पाणी गळत होतं, नाकाला वाळू लागली होती, ओठ थरथरत होते.

"बाबा, मला लाट घेऊन गेली होती," ती कुजबुजली. "नाकात पाणी गेलं. मग एका काकूंनी ओढलं. पण मी ओरडले नाही. तू झोपला होतास ना."

जरा पलीकडे एक अनोळखी बाई कंबरेपर्यंत भिजून उभी होती आणि त्याच्याकडे संतापानं बघत होती. त्यानं लेकीला छातीशी ओढलं.

"ओरडायचं!" तो खेकसला. "मी झोपलेलो असलो तरी ओरडायचं! मेलेलो असलो तरी ओरडायचं, कळलं?"

बापाचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिचा चेहरा आधी वाकडा झाला, मग तोंड उघडलं आणि तिनं जो टाहो फोडला, त्यानं अर्धा किनारा वळून बघायला लागला. खाण्याच्या पुड्या टाकून बायको धावत आली, लेकीसमोर बसली आणि सवयीनं तिनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

त्यानं बायकोचा हात धरून खाली केला.

"रडू दे," तो म्हणाला. "मोठ्यानं रडू दे तिला."