सहाच्या वर न जाणारं बटण

कुणी काही मागायला त्याच्या टेबलाशी गेलं की तो कानामागची पेन्सिल काढायचा, तिचं टोक स्क्रीनवर दोनदा टेकवायचा आणि म्हणायचा, "सोय ठिवलीय." त्या पेन्सिलीनं त्यानं कधी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. ती फक्त टेकवायला होती.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल बघा. ज्याच्या खणात सुई-दोरा असतो, आपल्या फोनला बसणारा चार्जर असतो आणि कागदात गुंडाळलेले कोरडे मोजे असतात. लोणावळ्यात पावसाळाभर कोरडे मोजे म्हणजे काय चीज आहे, हे तुम्ही इथे राहिलात तरच कळेल. मोजे त्याच्या मापाचे नसायचे, हे विशेष. ते आमच्यासाठी असायचे.

आंदर मावळातल्या शेतकरी घरातला तो. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, त्याच्याहून मोठ्या असलेल्या आमच्या मॅडमसुद्धा. ऑफिस मॅडमचं. एका टायरच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या. खिडकी उघडली की धुकं आत, बंद केली की रबराचा वास आत. आम्ही बंगलेवाले, तंबूवाले, घरगुती राहण्याची सोय करणारे, अशा लोकांच्या वेबसाइट बनवायचो. सगळ्यांना हवं असतं तेच ते. बुकिंगचं बटण, तारखेचं कॅलेंडर आणि पाहुणे किती ते अधिक-उणे करून सांगायचा चौकोन. भाऊनं या वस्तू एकदाच बनवून एका जागी ठेवल्या होत्या. त्या जागेला आम्ही सामायिक डबा म्हणायचो. सगळ्या साइट तिथूनच त्या वापरायच्या. मूळ वस्तू एक. तिचा रंग कोणता, अक्षरं कोणती, आकडा कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे ज्या त्या साइटनं बाहेरून सांगायचं. या सांगण्याच्या जागांना आमच्या धंद्यात प्रॉपर्टी म्हणतात. नव्या माणसाला भाऊ एवढं लांबण लावत नसे.

"पायजमा एकच. नाडी ज्याची त्यानं आवळायची."

अडचण अशी की भाऊला नाही म्हणता येत नसे. एखाद्या बंगलेवाल्यानं म्हणावं, बटण जरा गोल हवं. भाऊनं गोलाईची प्रॉपर्टी ठेवली. दुसऱ्यानं म्हणावं, एकाच कोपऱ्यात गोल हवं. प्रत्येक कोपऱ्याची वेगळी ठेवली. पुढे पुढे तर कुणी मागायची वाट बघणंही त्यानं सोडलं. एकदा मला त्या बटणात 'लाजरं' नावाची प्रॉपर्टी सापडली. ती चालू केली की बटण फिकट राहायचं आणि माउसचा बाण जवळ आला की हळूहळू लाल व्हायचं.

"भाऊ, हे कुणी मागितलं?"

"कुणीच न्हाई. पर उद्या मागितलं तर?"

"बुकिंगचं बटण लाजलं तर बुकिंग कोण करणार?"

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "लगीनकार्याच्या हॉलवाल्याला चालंल."

मी सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल असं म्हणालो, "या पायजम्याला नुसत्या नाड्याच नाड्या आहेत. कापड कुठंय?" लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं भाऊ हसला. आपल्या विनोदाला माणसं हसली की माझी बुद्धी सुट्टीवर जाते. हे पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

आषाढात भाऊ भातलावणीला गावी गेला. तिकडे फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. मॅडम म्हणाल्या, "तो सामायिक डबा फार अवजड झालाय हो. कुणीतरी साफ करायला हवा." कुणीतरी म्हणजे मी, हे त्यांनी म्हणायच्या आत मी हात वर केला होता.

काय साफ केला म्हणता! लाजरं उडवलं. कोपरे उडवले. मग पाहुण्यांच्या चौकोनाकडे वळलो. तिथली 'जास्तीत जास्त' ही प्रॉपर्टी कोण वापरतं म्हणून ग्राहकांच्या फोल्डरात शोधलं. कुणीच नाही. ती काढली आणि सगळ्यांसाठी एकच ठाम आकडा घातला. पन्नास. सर्वांना समान नियम! लोणावळ्यात लोकशाही आणल्याच्या थाटात मी त्या दिवशी दोन वडापाव खाल्ले.

'घरचं' नावाचं एक फोल्डर बाजूला होतं. घरचं म्हटल्यावर त्यात कशाला बघायचं, असं वाटण्याइतका मी सभ्य होतो.

शनिवारी सकाळी भाऊ परतला. पोटऱ्यांवर लावणीचा वाळलेला चिखल अजून तसाच होता. बॅग टेकवतोय तोच त्याचा फोन वाजला. कुरवंड्याच्या मावशी. पूर्वी, मी लागायच्या आधी, त्या ऑफिसला जेवणाचा डबा द्यायच्या. मग घराच्या मागे एक खोली काढून त्यांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. हा त्यांचा पहिलाच पावसाळा. त्यांचं पान भाऊनं घरचं समजून करून दिलं होतं, म्हणूनच ते त्या फोल्डरात होतं. गाद्या सहा, म्हणून जास्तीत जास्त पाहुणे सहा.

मावशींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आरं भाऊ, त्यो पुन्याचा मानूस इचारतोय, बस कुटं वळवायची. सहा मान्सांना बस कशाला रं लागती?"

"मावशे, फोनवर आकडा किती आलाय बघ."

"आकडा म्या कशाला बघू? सहाच्या वर जातच न्हाई ना त्यो. तूच म्हनलातास."

मग त्यांनी बघितला. बावीस. पुण्यातला ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब. बस कामशेतच्या पुढे आली होती.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हाताऱ्या मान्सांना दारातनं माघारी लावू व्हय? पावसात? मंग माझ्या दारात कोन ईल परत?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी सामायिक डब्यासारखाच साफ झालो होतो.

"तितलं काढलंस त्ये काढलंस. त्या जागी ठिवलंस काय?"

"पन्नास."

"पन्नास!" त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. "चल. बटाटे घे."

पोतंभर बटाटे मांडीवर घेऊन मोटरसायकलवर कुरवंड्याचा चढ चढणं हा अनुभव कुणाला हवा असेल तर मला विचारा. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या, पण चूल पेटवलेली नव्हती. भाऊ त्यांना म्हणाला, "मावशे, तू निस्तं पिठलं-भाताचं बघ. झोपायचं म्या बघतो."

मग तो घरोघर निघाला. मी मागून छत्री धरून. प्रत्येक दारात त्याचा एकच प्रश्न, "किती ठिवाल?" आणि प्रत्येक दारात वेगळं उत्तर.

"चार. पर बायाच पायजेत."

"दोघं. आमच्यात पायऱ्या हायती, गुडघ्यावाले नगं."

"तीन घेतो. घोरनारे असले तरी चालत्याल, आमचा म्हातारा बी घोरतो."

एका आजीनं विचारलं, "हसत्यात म्हंजी काय करत्यात?" भाऊनं दोन्ही हात वर करून दारातच हसून दाखवलं. आजी म्हणाल्या, "मंग पाच दे."

पन्नास असं एकही घर म्हणालं नाही.

बस आली तेव्हा कोण कुठे झोपणार ते सगळं भाऊच्या डोक्यात तयार होतं. गुडघेवाले खालच्या आळीला, घोरणारे एकत्र. मला लसूण सोलायला बसवलं. सोललेला लसूण बघून मावशी म्हणाल्या, "ह्यो बी तुजाच मानूस का रं?" भाऊ म्हणाला, "व्हय. पर ह्याचं जास्तीत जास्त दोन गड्डं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात बावीस म्हातारे हात वर करून खदाखदा हसले. गावातली कुत्री पार डोंगराच्या कड्यापर्यंत पळाली. जाताना त्यांच्या म्होरक्यानं मावशींचे हात हातात घेतले आणि पुढच्या वर्षीचंही ठरवून टाकलं. मावशी त्याला म्हणाल्या, "या की. पर सहा-सहा करून."

सोमवारी मी मान खाली घालून सगळ्या प्रॉपर्ट्या परत आणायला बसलो. भाऊ खुर्ची ओढून शेजारी आला. "समद्या नगं आनू. निम्म्या नाड्या फालतूच व्हत्या, त्ये तुजं बराबर हाय." मग आम्ही दोघांनी मिळून निवडल्या. कोपरे गेले ते गेलेच. 'लाजरं'पाशी तो बराच वेळ पेन्सिल टेकवून बसला. शेवटी स्वतःच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. न्हाई कुनी मागितलं." जवळच्या माणसाला गाडीत बसवून द्यावं तसा त्याचा आवाज झाला होता. मी पहिल्यांदाच विनोद केला नाही.

आता तो बंगळुरूला असतो. मोठी कंपनी, मोठा डबा. इथे त्याच्या टेबलाशी बसणाऱ्या नव्या मुलीचे मोजे रोज ओले असतात आणि खणात नुसता स्टेपलर आहे.

परवा मावशींकडे गेलो होतो. त्यांनी आणखी एक खोली बांधलीय. मी मोबाईल काढला. "मावशी, आता पाहुणे आठ करू का? एका मिनिटाचं काम आहे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मोबाईल परत खिशात घातला.

"सहाच ऱ्हाऊ दे."

नव्या खोलीत खिडकीशी एक खाट होती. वर धुतलेली गोधडी, उशाला पंचा.

"इथं कोण झोपतं?"

"कुनी न्हाई. भाऊची हाय ती."

"येणार आहे का तो?"

"न्हाई बा. कुटं यील एवढ्या लांबनं." मावशी गोधडीची नसलेली सुरकुती सारखी करत होत्या. "सोय ठिवलीय."

त्यांनी चहा आणला. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं. मी उभ्यानंच प्यायलो.