जबाबदारी स्वीकारली

दोन हजार सालच्या आसपास आमची पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होती. मी लंगरवर कुक. नववीतच शाळा सुटलेली, तरी फौजेनं घेतलं, पोटाला लावलं. ते उपकार मी विसरत नाही. कंपनीत मराठी बोलणारे दोघंच. मी पेठचा आणि ड्रायव्हर लान्स नाईक दत्ता कळंबचा. भाजी खारट झाली की तो म्हणायचा, "राव, वहिनीचं भांडान इकडं कशाला काढतो?" बाकी दिवसभर हिंदी.

त्या दिवशी सकाळी रेशन घेऊन चार गाड्यांचा कॉन्व्हॉय निघाला. दत्ता पहिल्या गाडीवर, मी दुसरीत. वळणावर डोंगरातून फायर आला. वायरलेस सेटवर साहेबांचा आवाज: "लीड गाडी हिट. कोई रुकेगा नहीं. निकलो."

रस्ता अरुंद. पहिली गाडी मध्येच थांबली असती तर आम्ही सगळे तिच्यामागं अडकलो असतो. दत्ताला मानेत गोळी लागली होती. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मागच्या तिन्ही गाड्या निघाल्या. दत्ता तिथंच राहिला.

त्यानंतर सुट्टी मिळेपर्यंत माझ्या तोंडून मराठी शब्द निघाला नाही. कुणाशी बोलणार?

येताना एस.टी. पेठला थांबली. माझं गाव. उतरलो नाही; आधी दत्ताच्या घरी जायचं होतं. तिथं जाऊन काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. तसाच कळंबला गेलो.

दत्ताची आई दारात शेंगा फोडत होती. तिनं पाणी दिलं आणि जपून ठेवलेला पेपर पुढं केला. मथळ्यात अतिरेकी संघटनेचं नाव, ठळक. खाली म्होरक्याचा फोटो, त्यानं फोनवरून दिलेली धमकी सविस्तर. शेवटच्या ओळीत: एक जवान ठार.

"शेजारच्यानं वाचून दावलं," ती म्हणाली. "संघटनेनं जबाबदारी घेतली म्हनं. लई दिस झालं, कोन आलं न्हाई. फौजेचं साहेब येऊन गेलं, ते येगळं. ही मानसं नातवाच्या शाळंचं तेवडं बघत्याल का?"

मला आधी उमगलंच नाही. मग पेपरात दिसलं: 'हल्ल्याची जबाबदारी संघटनेने स्वीकारली.' आमच्याकडं बाप गेला की पोरांची जबाबदारी चुलता घेतो. 'बघत्याल' म्हणून उठावं, असं वाटलं. पण ती वाट बघत राहिली असती.

"मावशी, त्यांनीच मारलं. 'आमीच मारलं', एवढंच सांगत्यात ते."

तिचे हात थांबले.

"मंग मारलं म्हनावं की. जबाबदारी कशापायी म्हनायचं?"

तिनं पेपरावर बोट ठेवलं.

"आन् माझ्या दत्तानं काय केलं, ते कुटं लिवलंय?"

"न्हाई लिवलं. साहेबांनी सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं आसंल. हिंदीत बोललं."

मग मी सांगितलं. वळण, गोळी, मोकळा झालेला रस्ता. "मागच्या गाडीत मी व्हतो, मावशी."

तिनं पेपर पुन्हा पुढं ओढला. मग म्हणाली, "एवढं लिवाया कितीशी जागा लागती रं?"

मला आता इथं तेवढी जागा मिळाली आहे, म्हणून लिहितो. लान्स नाईक दत्ता, ड्रायव्हर, राहणार कळंब. गोळी लागल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली.