कापूस यायच्या आधी धुराडं

आमच्या घरी सगळ्यात चांगली खोली कापसाची होती, माणसांनी उरलेल्या जागेत राहायचं. वेचणी सुरू झाली की मधली खोली आढ्यापर्यंत भरायची आणि हिंगणघाटच्या जिनात गाडी जाईपर्यंत कापूस तिथून हलायचा नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथे चुलीत पऱ्हाटी जळायची, म्हणजे मागच्या वर्षीच्या कापसाचीच वाळकी झाडं. तिचा जाळ मोठा आणि ठिणग्याही भरपूर. धूर जायला चुलीवरून थेट छपराच्या कवेलूंमधून वर निघालेलं पत्र्याचं धुराडं होतं. त्यात वर्षभर काजळी साचायची. ती पेटली तर ठिणग्या कवेलूंच्या फटीतून कापसावर पडणार, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, व्हायच्या आत धुराडं झाडून घ्यायचा नेम होता. एका वर्षी पाहुण्यांच्या गडबडीत तो राहिला आणि ऐन सकाळी आतली काजळी पेटून धुराडं घुमायला लागलं. पत्रा लाल झाला. आईनं चुलीच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरलं, बाबा वर चढून कवेलूंवर पाणी ओतत राहिले. कापूस वाचला. त्यानंतर नेम कधी चुकला नाही.

झाडायची रीत सोपी होती. दोरीच्या मधोमध पोत्याचा बोळा बांधायचा, त्यात काटक्या खोचायच्या. वरचं टोक छपरावर बाबांकडे, खालचं चुलीपाशी आईकडे. आळीपाळीनं ओढायचं. पण त्यासाठी दोघांना एकमेकांशी बोलावं लागायचं, आणि तीच तर गंमत होती. आजोबा दिवसभर घरापुढच्या छपरीत बसलेले असायचे, त्यांच्यादेखत आई बाबांशी सरळ बोलत नसे. साधा भाजीचा निरोपही माझ्यामार्फत जायचा आणि मी त्याला तिखटमीठ लावून पोचवायचे. धुराड्याला मात्र निरोप्या चालत नाही.

"सोडा न खाली! हात काऊन आखडून राह्यले?" आई वर तोंड करून ओरडायची.

"अवं, अडकलं हाय. तूच ओढ जोरानं. जेवली नाईस का?"

"जेवले! तुमच्या पानावरून जे उरलं, ते!"

बाबांचं हसू काजळीसकट खाली यायचं. आजोबा छपरीत खाकरायचे, पण काम घराच्या राखणीचं, त्यांना बोलता येत नसे. शेवटी आई धुराड्यात तोंड घालून म्हणायची, "या आता खाली. च्या मांडते." तोंड काळं झालेली आई मला त्या दिवशी फार सुंदर वाटायची. तिचा तो मोकळा आवाज ऐकायला मी आजही काहीही देईन.

आजोबा गेले, तरी दोघांची सवय गेली नाही. घरात गप्प आणि धुराड्यापाशी बोलके, असेच राहिले. मग एका उन्हाळ्यात बाबाही गेले. शेती भावाकडे आली आणि सिंदीहून गॅसचं सिलिंडर घरात आलं. भाऊ म्हणाला, आता कशाला जिवाला घोर? धुराडं काढू, भोकावर पत्रा ठोकू. त्याचं काही चूक नव्हतं. पत्राही तो घेऊन आला.

आई म्हणाली, "यंदा झाडून घेऊ. मंग काढजो."

"जे काढाचंच हाय, ते झाडाचं काऊन?"

"काजळी तशीच ठेवत नाई."

मी तेव्हा माहेरी आले होते. भाऊ वर चढला. "आई, ओढ," तो म्हणायचा, ती ओढायची. "झालं?" "हो." एवढंच बोलणं. काम चोख झालं. भाऊ शिडी उतरला आणि मागच्या अंगणात हात धुवायला गेला. त्याच्या तांब्याचा आवाज आत येत होता.

आई चुलीपाशीच उभी होती. वर धुराड्यातून आभाळाचा गोल तुकडा दिसत होता. तिनं तोंड वर केलं आणि त्या जुन्याच आवाजात म्हणाली, "या आता खाली. च्या मांडते."

मग ती गॅसकडे वळली आणि खरंच आधण ठेवलं. भाऊ ओल्या हातांनी मागच्या दारात उभा होता. भिंतीला टेकवलेला पत्रा त्यानं उचलला आणि गोठ्यात नेऊन ठेवला.