गोंड्याखालचा भोवरा

घोडी विकायची तर आता नुसती बाजारात नेऊन उभी करता येत नाही. महाडच्या घोडेबाजाराच्या फाटकावर सरकारी माणूस कागद बघतो. एक रक्ताचा, एक वर्णनाचा. घोड्यांना एक वाईट रोग होतो, माणसालाही लागतो. तो रक्तात निघाला तर सरकार जनावर मारून टाकतं. हे मला पोलादपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात घोडीचं रक्त काढून झाल्यावर कळलं. आधी कळतं तर गेलोच नसतो. रिपोर्ट येईपर्यंत त्या डाक्टरीणबाईला मी मनातल्या मनात शिव्या देत होतो.

माझी घोडी वरातीची. पांढरी. कापडे गावापासून उमरठपर्यंतचे कितीतरी नवरदेव तिच्यावर बसलेत. डोंगरावर कुडपणला चढवून नेली तेव्हा नवरदेवापेक्षा तिचीच चौकशी जास्त झाली. लगाम मी धरायचो, तिला नटवायचं काम बायकोचं. बायको माघात गेली. माझे गुडघे आता वरातीबरोबर चालत नाहीत. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, सेल करून टाका, टेन्शन नको." त्याला कसलं टेन्शन? पाणी मी पाजतो.

रिपोर्ट चांगला आला. मला त्याचाही संशय आला, की रक्त माझ्याच घोडीचं कशावरून. पण चांगला होता म्हणून घडी करून खिशात ठेवला.

मग बाईंनी दुसरा कागद काढला. त्यावर घोड्याचं चित्र छापलेलं, दोन्ही अंगांनी. घोडीच्या अंगावर कुठं डाग, कुठं केसांचा भोवरा, ते त्यावर मांडायचं. हिला भोवऱ्यांशी काय करायचंय? भोवरे व्यापारी बघतात, भाव पाडायला. मला वाटलं, कुणीतरी हिला पढवलंय.

"भोवरे कशाला लिहिता?"

"ओळख पटावी म्हणून, आजोबा. रक्त एकीचं देतात आणि बाजारात दुसरीच आणतात लोक."

"मी तसा दिसतो?"

"करणारे तसे दिसत नसतातच," बाई म्हणाल्या. "मोरकी काढा."

तोंडावरची मोरकी काढायला माझा हात होईना. तिच्या दोन्ही गालपट्ट्यांना लोकरीचे लाल-हिरवे गोंडे, मुलाचा जुना स्वेटर उसवून बायकोनं केलेले. ते ती गेल्यापासून सोडले नव्हते. बाई पेन धरून उभ्या राहिल्या. शेवटी काढली.

बाईंनी तोंडावरून बोट फिरवलं. डाव्या डोळ्याखाली, गोंडा लोंबायचा तिथं थांबल्या, आणि कागदावर फुली मारली.

"इथं भोवरा आहे."

"नाय. बारा वर्षं घोडी माझ्याकडं हाय."

त्यांनी माझंच बोट धरून तिथं टेकवलं. पांढऱ्यात पांढरा, डोळ्याला दिसत नव्हता. पण बोटाखाली केस गोल फिरलेले लागले.

डोळ्याखाली भोवरा म्हणजे धन्याच्या घरी रडं, असं आमच्याकडं मानतात. अशा घोडीवर नवरदेव कोण बसवील? आणि मग मला एकेक आठवायला लागलं. तोंड धुवायला बायको मला कधी द्यायची नाही. "तुम्ही पाठीला खरारा करा, तोंडाचं मी बघते. तुमचा हात राकट." गोंडा झिजला की लगेच दुसरा करायची. मला वाटायचं, हौस. तिला माहीत होतं. मला सांगितलं असतं तर पहिल्या नवरदेवाच्या बापालाच मी बोलून बसलो असतो.

बारा वर्षं. आणखी काय काय झाकलं असेल तिनं?

"हे लिहिल्याबिगर चालणार नाय का?" मी विचारलं.

"नाही."

"माणसाला काय होतं का हो त्या भोवऱ्यानं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "केस आहेत ते, आजोबा. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत."

डाक्टर लोक असंच बोलतात. मीही हे मानत नाही. तरी माघ मनात येऊन गेलाच.

महाडला फाटकावर कागद बघून आत सोडलं. दोघा गिऱ्हाइकांनी घोडी बघायच्या आधी चित्रातली फुली बघितली आणि पुढं गेले. तिसरा घाटावरचा, वरातीची घोडी ठेवणारा. त्यानं गोंडा उचलून बघितला आणि हसला.

"झाकणारा हुशार दिसतोय. तुम्ही केलंत?"

"बायकोनं."

"मग हिला घेतो मी. गोंडा असाच राहू द्या."

"घोडी घे. गोंडा नाय."

"अवो, इथून टेम्पोपर्यंत उघड्या तोंडानं नेऊ? सगळे वळखीचे हायेत."

"फडकं बांध."

"म्हाताऱ्या, चार लोकरीच्या धाग्यांपायी सौदा मोडतोस?"

"मोडतो."

आल्या टेम्पोनंच घोडी परत आणली. मुलाला सांगितलं, भाव आला नाही. तो म्हणाला, "ओके."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरकी काढून खुंटीला टांगली आणि ओलं फडकं घेऊन तिचं तोंड धुवायला गेलो. घोडीनं मान फिरवली. माझ्या हाताची सवय नाही. बायको बोलायची ते एवढं तरी खरं होतं, हात राकट आहे माझा. रोज थोडं थोडं करतो. उजवी बाजू आता धुवू देते. डावी अजून देत नाही.