पाठ लागू दिली नाही

आमच्या रिठदच्या मातीतल्या कुस्तीत पालथा पडलेला माणूस अजून जिवंत असतो. दोन्ही खांदे मातीला लागले की खेळ खलास. बाबा जुने पैलवान. हे त्यांनी मला बोलता येण्याआधीच शिकवलं असावं. लहानपणी मी झोपायचोही पालथा आणि त्यांना त्याचं कोण कौतुक!

वाशिमजवळच्या मालेगावात एका खतांच्या दुकानाच्या माडीवर जिउ-जित्सू शिकायला जाऊ लागलो, तर तिथे सगळं उलटं. इथे गळा आवळून हार मानायला लावतात, आणि पालथं पडणं म्हणजे स्वतःहून गळा पुढे करणं. समोरच्याच्या पाठीला चिकटायचं, एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेतून, दोन्ही पंजे छातीवर घट्ट आणि पाय त्याच्या मांड्यांत अडकवलेले. तो मागे कलंडला तर आपणही पडायचं. तो वर, आपण खाली, आपली पाठ खुशाल मॅटवर. पण पकड सोडायची नाही. नेमकं इथेच माझं घोडं अडायचं. पाठ टेकतेय असं वाटलं की हात आपोआप सुटायचे.

"काहून सोडतं बे? जितून राह्यला होता ना तू!" शिकवणारे सर कपाळाला हात लावायचे.

वर्षभर घासून ती खोड मोडली, असं मला वाटत होतं. तिशी गाठली होती. यंदा राज्याच्या संघात निवड झाली नाही तर बंद, हे मनाशी ठरवूनच टाकलं होतं. निवडीच्या लढती त्याच माडीवर होत्या. त्या दिवशी मी मोटारसायकल काढली आणि बाबा न विचारता मागे बसले.

"पाहू तं दे, काय करून राह्यला तू तिकडं."

शेवटच्या लढतीत मी वाशिमच्या एका पोराच्या पाठीवर होतो. पाय आत, हात गळ्याजवळ. तो धडपडत मागे कलंडला. मला फक्त त्याच्यासोबत पडायचं होतं. तेवढ्यात भिंतीशी बसलेले बाबा ताडकन उठले आणि ओरडले, "पाठ!"

माझे हात सुटले.

पुढचं काय सांगू? सवयीने मी पालथा झालो, तो पाठीवर चढला, त्याचा हात गळ्याखाली गेला आणि मॅटवर थाप मारून मी हार मानली. सर हातातल्या यादीत पुढचं नाव शोधू लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जिन्यात चपला शोधताना कळत होतं, की आता इथे पुन्हा यायचं नाही. रडू येईना. नुसता संताप, आणि तो कुणावर काढावा तेही समजेना.

परतताना मागे बाबांची बडबड चालूच होती. पालथ्या पडलेल्या आपल्या पोराला हरला कसं म्हणतात, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

"याइले कुस्ती समजतच नाई. पन तू पाठ लागू नाई देल्ली. शाबास!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझ्यावर इतके खूश ते कित्येक वर्षांत झाले नव्हते.